रन दाबायच्या आधी: कॉम्प्युटर सायन्सवाल्यांचे प्रश्न

मागच्या अंकात सहज लिहून गेले की पुढच्या वेळी कॉम्प्युटर सायन्सच्या डिग्रीबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि इनबॉक्स तुंबला की हो! निम्मी पत्रं एकाच सुरातली होती म्हणून त्यातलं एक घेतलंय, बाकीच्यांनी त्यातच आपलं उत्तर शोधा. नावं नेहमीसारखी गाळली आहेत.

प्रश्न: ताई, मी पहिल्या वर्षाला आहे, दुसरं सेमिस्टर चालूये. सर फळ्यावर प्रोग्राम लिहितात तेव्हा सगळं कळतं, पण घरी कोरी स्क्रीन उघडली की एक ओळ सुचत नाही. पॉइंटर आणि लिंक्ड लिस्ट तर पार डोक्यावरून जातं. त्यावरचे किती व्हिडिओ बघितले याची गणती नाही. माझं डोकं या कामाचं नाहीये का?

उत्तर: डोक्याला कशाला बोल लावतोस, त्या बिचाऱ्याला तू अजून कामच दिलेलं नाहीस. फळ्यावर प्रोग्राम उतरतो तेव्हा कुठला व्हेरिएबल घ्यायचा, लूप कुठे थांबवायचा, आधी काय आणि नंतर काय, हे सगळं सरांनी ठरवलेलं असतं, तू फक्त हो ला हो करतोस. कोरी स्क्रीन आली की तेच ठरवणं तुझ्यावर येतं आणि नेमकी त्याचीच सवय नसते. व्हिडिओचंही तेच, दुप्पट स्पीडने बघितला तर दुप्पट स्पीडने हो म्हणतोस इतकंच.

माझंच सांगते. डेटा स्ट्रक्चरच्या पेपरला मी लिंक्ड लिस्टचे अकरा प्रोग्राम पाठ करून गेले होते, अगदी सेमिकोलनसकट. पेपरात विचारलं की नोड, म्हणजे लिस्टमधली एक कडी, शेवटी नाही, दुसऱ्या जागी घाला. संपलं. पाठ केलेलं बारावं काही नव्हतं माझ्याकडे. पेपर राहिला आणि घरी सांगायला दोन दिवस लागले, ते वेगळंच.

तर आता एक कागद घे, खराखुरा कागद. तीन चौकोन काढ, त्यात १०, २०, ३० लिही, एकातून दुसऱ्याकडे बाण काढ आणि पहिल्या चौकोनाकडे बोट दाखवणारा अजून एक बाण काढून त्याला हेड म्हण. झाली लिंक्ड लिस्ट. आता सगळ्यात पुढे ५ घालायचाय. कामं दोनच: नव्या चौकोनाचा बाण हेड जिकडे बघतोय तिकडे करायचा, आणि मग हेडला नव्या चौकोनाकडे वळवायचं. आता मुद्दाम उलट्या क्रमाने करून बघ. आधी हेड वळवलास ५ कडे, मग म्हणालास की ५ चा बाण हेड जिकडे बघतोय तिकडे. पण हेड तर आता ५ कडेच बघतोय! म्हणजे ५ स्वतःकडेच बोट दाखवत बसला, आणि १०, २०, ३० कुठेतरी मेमरीत पडून राहिले, त्यांचा पत्ता आता कोणाकडेच नाही. हा प्रोग्राम कंपाइल अगदी व्यवस्थित होतो बरं का, एक एरर देत नाही, आणि लिस्ट छापायला सांगितलीस की ५ ५ ५ ५ ५ करत सुटतो ते तू बंद करेपर्यंत.

ओळी त्याच दोन, फक्त जागा बदलल्या. हे एकदा पेन्सिलीने स्वतः काढून बघितलंस की पॉइंटर म्हणजे काय हे कोणी वेगळं समजवायची गरज उरत नाही, पत्ता लिहून ठेवायचा डबा आहे तो, बाकी काही नाही. भीती पॉइंटर लिहिताना येणाऱ्या त्या चांदणीच्या (*) खुणेची असते.

आणि एक सवय लावून घे, लई कंटाळवाणी वाटेल सुरुवातीला. प्रोग्राम लिहून झाला की रन दाबायच्या आधी वहीत लिही की हा काय छापणार. मग दाब. जुळलं तर पुढे जा. नाही जुळलं तर तिथे थांब, कारण तुला जे वाटत होतं आणि मशीनने जे केलं त्यात कुठे फाटा फुटला ते शोधणं हाच तर तुझा अभ्यास आहे. आपण काय करतो, चुकलं की प्लस वन मायनस वन करत, लेस दॅनच्या जागी लेस दॅन इक्वल टू टाकत बसतो, कधीतरी बरोबर येतं आणि का आलं ते आपल्यालाही माहीत नसतं. तसं आलेलं बरोबर उत्तर चुकीच्यापेक्षा वाईट, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न: डिस्क्रीट मॅथ्सचा प्रत्यक्षात काय उपयोग? मी कॉम्प्युटरला आलो ते गणितापासून सुटका व्हावी म्हणून आणि इथे सेट, रिलेशन, इंडक्शन, ग्राफ. जॉबला लागलेले सीनियर म्हणतात कधीच वापरलं नाही.

उत्तर: सुटका व्हावी म्हणून नेमका इथे आलास, हे भारीच की! सीनियर खोटं नाही बोलत, सकाळी ऑफिसात जाऊन कोणी इंडक्शनचा पुरावा लिहीत नाही. पण रिकर्शन, म्हणजे स्वतःलाच परत बोलावणारं फंक्शन, लिहितात ना? इंडक्शन आणि रिकर्शन ही एकच गोष्ट आहे, एक पुरावा म्हणून लिहायची आणि दुसरी प्रोग्राम म्हणून. सगळ्यात लहान केस हाताने सोडव, आणि लहानाचं उत्तर आहे असं धरून मोठ्याचं काढ. ज्याला इंडक्शनमध्ये "धरून चालू" म्हणायला जड जातं, तोच रिकर्शनमध्ये आत आत शिरून हरवतो, हे मी शिकवताना इतक्यांदा बघितलंय.

फिबोनाचीचंच घे, शून्यावा ०, पहिला १ आणि पुढचा प्रत्येक आकडा म्हणजे मागच्या दोघांची बेरीज, दरवर्षी सगळ्यांना देतात ते. सरळ रिकर्शनने पाचवा काढायला फंक्शन १५ वेळा बोलावलं जातं. कागदावर झाड काढून मोज, त्यात दुसरा आकडा तीनदा नव्याने काढलेला दिसेल. बरं, हे ठीक आहे, १५ म्हणजे किती. आता चाळिसावा काढ. किती वेळा? ३३ कोटी ११ लाखांच्या वर. तेहतीस कोटी देवांपेक्षाही जास्त कॉल्स, आणि उत्तर काय तर एक आकडा. तेच एकदा काढलेलं उत्तर एका अॅरेत, म्हणजे ओळीने लावलेल्या खणांत, लिहून ठेवलंस तर चाळीसच्या आसपास बेरजांत खेळ खलास. हा फरक पळवून बघितल्यावर कळतो, पण पळवायच्या आधी कळायला गणित लागतं. उलट्या बाजूचं उदाहरण बायनरी सर्चचं: क्रमाने लावलेल्या १० लाख नोंदींतली एक शोधायला जास्तीत जास्त २० तुलना, कारण दर वेळी निम्मा ढीग बाजूला जातो. लॉगॅरिथम म्हणजे एवढंच, किती वेळा अर्धं करता येईल ते.

आणि ग्राफ. १७३६ मध्ये गणितज्ञ ऑयलरने कोनिग्सबर्गच्या सात पुलांवरून प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फिरता येईल का हे सोडवलं, म्हणजे नाही येत हे दाखवलं, आणि त्यासाठी त्याने काय केलं तर शहर टाकून दिलं, रस्ते टाकून दिले, उरले फक्त ठिपके आणि रेघा. कॉम्प्युटरचा तेव्हा कुठे पत्ताही नव्हता. पण आज तू मॅपवर रस्ता शोधतोस किंवा कुठली फाइल आधी कंपाइल करायची हे बिल्ड टूल ठरवतं, तिथे तेच ठिपके आणि त्याच रेघा. काय टाकून द्यायचं ते कळणं हेच या विषयातलं खरं कसब, आणि हे सांगणारा धडा सिलॅबसमध्ये कुठेही नाही, कारण सगळ्याच धड्यांत तेच आहे.

एवढं सगळं सांगून हेही मान्य करते की पुस्तकं हा विषय फार रुक्ष करून ठेवतात. प्रत्येक धडा झाला की त्याचा दहा ओळींचा प्रोग्राम लिहून बघ, बरं वाटेल.

प्रश्न: ताई, माझ्या वर्गात बहुतेक जण शाळेपासून कोडिंग करणारे आहेत. मी इथे येईपर्यंत कीबोर्डवर नीट टाइपसुद्धा केलं नव्हतं. लॅबमध्ये ते पंधरा मिनिटांत उठतात, मी शेवटपर्यंत बसलेली असते. इतकी लाज वाटते की प्रश्न विचारायचं बंद केलंय.

उत्तर: अगं, पहिलं म्हणजे प्रश्न विचारणं चालू कर, बाकीचं मग बघू.

ते पुढे आहेत हे खरंय, खोटं कशाला बोलू. पण कशात पुढे आहेत ते बघ. सिंटॅक्स, म्हणजे भाषा लिहायचे नियम, माहितीये, एडिटर हाताखालचा आहे, लाल एरर दिसली की घाबरत नाहीत. हे सगळं सवयीने येणारं आहे, साधारण वर्षभरात तुलाही येईल. आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन येतं, ऑपरेटिंग सिस्टिम येते, तिथे शाळेत वेबसाइट बनवलेल्याला आणि न बनवलेल्याला सारखाच घाम फुटतो. गणितज्ञ अॅलन ट्युरिंगने १९३६ मध्ये सिद्ध केलं की कुठलाही प्रोग्राम दिला तर तो थांबेल की चालतच राहील हे दर वेळी अचूक सांगणारा प्रोग्राम लिहिताच येणार नाही. तेव्हा आज आपण ज्याला कॉम्प्युटर म्हणतो ते मशीनच अस्तित्वात नव्हतं, गड्याने कागदावर मशीन कल्पून हे दाखवलं. त्या लेक्चरला कोणाचा टायपिंग स्पीड कामाला येत नाही.

उलट एक बघितलंय मी. ज्यांना पहिलं वर्ष फुकटात जातं त्यांना अभ्यास कसा करायचा हे शिकायची वेळच येत नाही, आणि मग अल्गोरिदम्सच्या पेपरला पहिल्यांदा आपटतात. सगळेच नाही, पण आपटतात.

टायपिंगचं मात्र मनावर घे, रोज वीस मिनिटं, महिना-दीड महिना. विचारापेक्षा बोटं मागे पडली की विचार तुटतो. आणि लॅबमध्ये शेवटपर्यंत बसतेस ना, तर असिस्टंटला गाठ तेव्हाच, गर्दी नसते, आणि "मला येत नाही" असं म्हणण्यापेक्षा "मला इथे ७ यायला हवं होतं, ० येतंय" असं सांग. समोरच्याला लगेच धागा सापडतो, आणि अर्ध्या वेळा तर वाक्य पूर्ण व्हायच्या आत तुलाच सापडतो.

प्रश्न: पहिली लँग्वेज कोणती शिकावी, सी की पायथन? आणि लॅपटॉप कसला घ्यावा?

उत्तर: कॉलेज शिकवतं ती. खरंच. सी १९७२ च्या सुमाराची, पायथन १९९१ ची, दोन्ही अजून ठणठणीत आहेत आणि तुमची डिग्री संपेपर्यंत कुठेही जात नाहीत. सी मध्ये मेमरी उघडी दिसते म्हणून डोकं दुखतं पण खालचं कळतं, पायथनमध्ये पहिल्याच दिवशी काहीतरी चालतं म्हणून हुरूप येतो. दर दोन महिन्यांनी लँग्वेज बदलणारा मात्र चार लँग्वेजमध्ये फक्त फॉर लूप शिकतो. लॅपटॉपचं म्हणाल तर १६ जीबी रॅम आणि एसएसडी असली की डिग्रीभर रडत नाही, ८ वर पण चालतं फक्त ब्राउझरचे चाळीस टॅब उघडू नका. भारीतलं ग्राफिक्स कार्ड कोर्ससाठी पाहिजे असं घरी सांगणाऱ्यांनो, आम्हाला माहितीये ते कशासाठी पाहिजे असतं.

प्रश्न: माझा मुलगा कॉम्प्युटर सायन्सला जायचं म्हणतोय. सगळीकडे ऐकतो की आता एआयच कोड लिहितं. मग चार वर्षं आणि एवढा खर्च करून मुलांनी करायचं काय? स्पष्ट सांगावं.

उत्तर: स्पष्टच सांगते, नोकऱ्यांचं भविष्य सांगायला मी बसलेली नाही, आणि जे छातीठोक सांगतात त्यांच्यावर तुम्हीही फार विसंबू नका. डिग्रीत काय मिळतं तेवढं मी सांगू शकते.

एक किस्सा ऐका. मघाशी बायनरी सर्चचा उल्लेख आला. त्यात ढिगाचा मध्य काढायचा असतो, तर सगळे लिहितात की खालचा आकडा अधिक वरचा आकडा, भागिले दोन. बरोबरच आहे, शाळेतलं पोर पण हेच सांगेल. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक या प्रोग्रामरने लिहिलं की जावा या लँग्वेजच्या स्वतःच्या लायब्ररीतल्या, म्हणजे तयार कोडच्या साठ्यातल्या, बायनरी सर्चमध्ये चूक आहे, जवळजवळ नऊ वर्षं तिथे होती, कोणाला दिसली नव्हती. चूक कुठे? त्याच ओळीत. ३२ बिटच्या, म्हणजे ० किंवा १ मावणाऱ्या ३२ घरांच्या, खात्यात मोठ्यात मोठा आकडा मावतो २,१४,७४,८३,६४७. अॅरे शंभर कोटींच्या पुढे गेला की त्या दोन आकड्यांची बेरीज याच्याही वर जाऊ शकते, मग ती उलटून ऋण होते, आणि मध्य म्हणून उणे आकडा हातात येतो. उपाय एका ओळीचा: खालचा आकडा अधिक दोघांमधल्या फरकाचं निम्मं. गणितात दोन्ही सारखंच, मशीनवर नाही.

आता एआयला सांगितलं तर ते कोड झटक्यात देईल, बहुतेक वेळा बरोबरच देईल. पण दिलेल्या ओळीकडे बघून "थांब, आकडा मोठा झाला तर काय होईल" ही शंका ज्याच्या मनात येते तो माणूस लागतो, आणि ती शंका यायला ३२ बिट म्हणजे काय हे कोणीतरी तुमच्याकडून एकदा हाताने करून घ्यावं लागतं. डिग्रीची चार वर्षं मुख्यतः याच्यात जातात. मुलाला अशा गोष्टीत मजा वाटत असेल तर पाठवा. नुसता पगार ऐकून जात असेल तर त्याच्याशी अजून एकदा बोला, कारण तिसऱ्या वर्षाचा कंपायलरचा विषय पगाराच्या आशेवर निघत नाही.

यालाच जोडून एका मुलीने लिहिलंय की सगळ्या असाइनमेंट ती एआयकडून करून घेते, मार्क छान पडतात, पण व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारलं की ही ओळ काढली तर काय होईल तर तोंड उघडत नाही. बाई गं, तूच तुझं निदान केलंयस! बंद कर असं मी म्हणणार नाही, आम्ही पण वापरतो. क्रम बदल फक्त. आधी तासभर तू झगड, अर्धवट का होईना लिही, मग त्याला विचार की माझं कुठे चुकतंय, सगळं लिहून दे असं नको. आणि त्याने दिलेली प्रत्येक ओळ काढून बघ, काय मोडतं ते आधी वहीत लिहून. व्हायवाचा प्रश्न तोच होता ना.

प्रश्न: चौघांचा प्रोजेक्ट, काम करतो मी एकटा. बाकीचे सबमिशनच्या आदल्या रात्री "काय मदत करू" विचारतात. शिवाय एकाने माझ्या फाइलवर त्याची जुनी फाइल टाकली आणि आठवड्याचं काम गेलं.

उत्तर: दुसऱ्याचं आधी. गिट शिका रे, कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर आहे ते, अजून किती जणांना सांगू. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, कामासाठी बनवलं, हजारो माणसं एकाच कोडवर काम करतात त्यावर, तुम्ही तर चौघं. "प्रोजेक्ट_फायनल_खरंच_फायनल_३" नावाच्या झिप फाइल मी पण एके काळी मेलवर पाठवल्यात, आणि एकदा डेमोच्या सकाळी चुकीची झिप उघडली ज्यात लॉगिनचं बटनच नव्हतं. परीक्षक बटन शोधत होते, मी छताकडे बघत होते. सुरुवातीला अॅड, कमिट, पुश, पुल एवढ्यावर भागतं. मर्जच्या भांडणाला घाबरू नका, दोघांनी एकच ओळ बदलली एवढंच ते सांगत असतं.

आता पहिलं. यातला थोडा दोष तुझाही आहे, रागावू नको. एकटाच करणाऱ्यांना बहुतेक वेळा दुसऱ्याचं हळू काम बघवत नसतं, "राहू दे मीच करतो" म्हणून ते ओढून घेतात आणि मग महिन्याने चिडतात. काम पहिल्या आठवड्यातच तोडून दे, आणि "तू डेटाबेस बघ" असं मोघम नाही, "गुरुवारपर्यंत युजरचं टेबल आणि त्यात नोंद घालणारं फंक्शन" असं. गिटवर कोणी काय केलं ते तारखेसकट दिसतं, सरांना वेगळं जाऊन सांगावं पण लागत नाही. एवढं करूनही कोणी हललं नाही तर मात्र वेळेत बोल सरांशी, आदल्या रात्री नाही.

प्रश्न: मी प्रोग्राममध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज केली आणि ०.३ शी जुळते का विचारलं तर नाही म्हणतो. लॅपटॉप बिघडलाय का?

उत्तर: तुझ्या पत्रावर आम्ही ऑफिसात जाम हसलो, पण प्रश्न एकदम खरा आहे. एक तृतीयांश दशांशात लिहायला गेलास की ०.३३३ करत कधी संपत नाही ना, तसा एक दशांश बायनरीत, म्हणजे मशीनच्या ० आणि १ च्या लिखाणात, कधी संपत नाही. मशीन कुठेतरी तोडतं, आणि बेरीज छापलीस तर ०.३००००००००००००००००४ असं काहीतरी दिसेल. म्हणून अशा आकड्यांना "सारखे आहेत का" विचारायचं नाही, "फरक अगदी बारीक आहे का" असं विचारायचं, आणि पैशांचा हिशोब असेल तर सगळ्यात लहान नाण्यात मोजून पूर्णांकात ठेवायचा. आता ०.५ आणि ०.२५ ची बेरीज ०.७५ शी जुळते का ते कर. पण दाबायच्या आधी वहीत लिही, आणि का ते पण लिहून पुढच्या अंकासाठी पाठव.